नंबर आम्हा दोघांना, मग मुलीचा फोकस कच्चा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्हाला मायनस ५.५, मिस्टरांना मायनस ४. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत. शाळेतल्या तपासणीत दोन्ही डोळ्यांना मायनस ०.७५ निघाला. पुस्तक ती अगदी नाकाशी धरते. चष्म्याच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, “हिचा फोकस कच्चा आहे, तुमच्याकडूनच आलाय, डोळ्यांचे व्यायाम सुरू करा.” घरातल्या मोठ्यांना वाटतं की आत्तापासून चष्मा लावला तर नंबर चढतच जाईल. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, “आमच्यामुळे तिचे डोळे बिघडले का?”

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, आहे. पुण्यात २२ वर्षं बहुतेक लहान मुलांचेच डोळे तपासते. तुमच्यासारखे आई-वडील आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलीला मी पाहिलेलं नाही. त्यामुळे तिचा नंबर खरा किती, हे सांगणं मला शक्य नाही. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गुंतवळ झाली आहे, ती सुटली की निम्मी काळजी आपोआप कमी होईल.

पहिली गोष्ट, डोळ्याची लांबी. जन्मताना बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २३-२४. ही वाढ हळूहळू आणि मापात होते. ती मापाबाहेर गेली की लांबचं चित्र डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि फळा धूसर दिसतो. हाच मायनस नंबर. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. तुमचा डोळा बहुधा दोनएक मिलिमीटरच जास्त वाढलेला असेल.

दुसरी गोष्ट, फोकस. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘समायोजन शक्ती’ असा शब्द होता, आठवत असेल. जवळचं बघताना भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो, भिंग फुगतं आणि अक्षर स्पष्ट होतं. ७ वर्षांच्या मुलात ही ताकद भरपूर असते, १३ डायॉप्टरच्या आसपास (चष्म्याचा नंबरही याच मापात असतो). पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरलं तर त्यातली फक्त ३ लागते. या शिलकीमुळेच मुलं तासन्‌तास चित्रकथा वाचू शकतात. चाळिशी लागते तेव्हा हीच शिल्लक संपत आलेली असते. तुम्हा दोघांपैकी कुणाला हल्ली मोबाईल बघायला चष्मा काढावा लागत असेल तर तो वयाचा परिणाम आहे, त्याचा मुलीच्या डोळ्यांशी काही संबंध जोडू नका.

आता आई-वडिलांकडून यातलं काय येतं? मुख्यतः पहिली गोष्ट, म्हणजे डोळा लांब वाढण्याचा कल. अमेरिकेत शाळकरी मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आई-वडिलांपैकी कुणालाच मायनस नसेल तर त्या मुलांपैकी ६.३ टक्क्यांना मायनस होता, एकाला असेल तर १८.२ टक्क्यांना आणि दोघांना असेल तर ३२.९ टक्क्यांना. म्हणजे तुमची काळजी निराधार नाही. पण हेही बघा, दोघांना मायनस असूनही तीनातल्या दोन मुलांना त्या वयात नंबर नव्हता. आणखी जुन्या, १९९४ च्या अभ्यासात दिसलं होतं की ज्यांच्या आई-वडिलांना दोघांनाही मायनस आहे अशा मुलांचे डोळे, नंबर यायच्या आधीच, इतरांपेक्षा थोडे लांब असतात. हे एखाद्या जनुकाचं काम नाही, शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे. त्यात तुम्ही काही निवडलेलं नाही, त्यामुळे दोष घेऊ नका.

२००२ च्या त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जवळच्या कामाने डोळा लवकर बिघडण्याची ‘नाजूक प्रवृत्ती’ आई-वडिलांकडून मुलांत उतरते, असा पुरावा तिथे सापडला नाही. आपण चष्मेवाले म्हणून मुलांवर वाचनाचा जास्त वाईट परिणाम होतो, असं निदान त्या आकड्यांत तरी दिसलं नाही.

मग ‘फोकस कच्चा’ हे आलं कुठून? दुकानातल्या माणसाने ते हवेतून काढलेलं नाही. त्यामागे बऱ्याच वर्षांचा इतिहास आहे आणि मी स्वतः तो अर्धवट समजून कितीतरी वर्षं पालकांना सांगितला आहे.

जवळचं वाचताना आपण कुणीच अगदी नेमका फोकस करत नाही. साधारण अर्धा-पाऊण डायॉप्टर कमीच पडतो, म्हणजे चित्र पडद्याच्या किंचित मागे राहतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की मायनस असलेल्या मुलांमध्ये ही उणीव इतर मुलांपेक्षा जास्त असते. त्याच सुमारास कोंबडीच्या पिल्लांवरचे प्रयोग गाजत होते. पिल्लाच्या डोळ्यावर मायनस भिंग लावून चित्र पडद्याच्या मागे ढकललं, की डोळा काही दिवसांत लांब वाढून त्या चित्राला गाठतो. दोन्ही एकत्र ठेवली की गोष्ट फार सुंदर जुळते. फोकस कमी पडतो, चित्र मागे राहतं, डोळा त्याच्या मागे धावत लांब होतो. आणि आई-वडिलांकडून येतो तो हा कमी पडणारा फोकस, असंही पुढे जोडता येतं.

मग मोजून पाहिलं. अमेरिकेत ४६९ मुलांना तीन वर्षं दोन प्रकारचे चष्मे दिले, काहींना साधे आणि काहींना खालच्या भागात वाचनाची मदत असलेले प्रोग्रेसिव्ह. फोकसची उणीवच मूळ कारण असती तर दुसऱ्या गटात नंबर बऱ्यापैकी थांबायला हवा होता. तीन वर्षांनी फरक निघाला ०.२० डायॉप्टर. चष्म्याचा नंबर ०.२५ च्या पायरीने बदलतो, म्हणजे एक पायरीसुद्धा नाही. २००६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. नंबर नसलेल्या मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहिल्यावर दिसलं की ज्यांना पुढे मायनस लागला त्यांचा फोकस आधी कमी पडत नव्हता. उणीव वाढली ती मायनस लागल्यानंतर. म्हणजे आपण परिणामाला कारण समजत होतो.

कोंबडीच्या पिल्लांनीही नंतर वेगळंच सांगितलं. त्यांच्या डोळ्यातला फोकसचा स्नायू आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा असतो, अ‍ॅट्रोपिनचा (माणसात फोकसचा स्नायू सैल करणारं औषध) त्याच्यावर परिणाम होत नाही. तरीही अ‍ॅट्रोपिन दिल्यावर त्यांच्या डोळ्याची वाढ मंदावली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस तोडली तरी डोळा भिंगानुसार वाढतच होता. वाढ किती करायची हे बऱ्याच अंशी पडदा स्वतःच ठरवतो, फोकसच्या स्नायूला न विचारता.

हे सगळं मी का सांगतेय? कारण ‘फोकस कच्चा’ म्हणून व्यायाम सुरू झाले की पालकांना वाटतं, उपचार चालू आहे. सहा-आठ महिने जातात आणि तेवढ्यात डोळा वाढलेला असतो.

माझ्या तपासणीच्या खोलीत फोकस कसा बघतात तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी ‘कच्चा’ म्हटलं तर कसं मोजलं ते विचारता येईल. खोली थोडी अंधारी. हातात रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून फोकस बघायचं छोटं यंत्र, त्याच्या तोंडाशी चिकटवलेलं पत्त्याएवढं कार्ड, त्यावर ‘ससा’, ‘मका’, ‘नळ’ असे शब्द. मूल ४० सेंटिमीटरवरून ते मोठ्याने वाचतं आणि त्याच वेळी मी बाहुलीतून परत येणाऱ्या तांबूस प्रकाशाचा पट्टा बघते. माझा हात जिकडे सरकतो तिकडेच पट्टा सरकला तर फोकस थोडा मागे आहे. मग क्षणभर एक छोटं प्लस भिंग डोळ्यापुढे धरून पट्टा कुठे स्थिरावतो ते बघायचं. गंमत अशी की, मूल नुसतं शब्दांकडे टक लावून बसलं असेल तर फोकस ढिला दिसतो. “आता उलटं वाच बघू” म्हटलं, की पट्टा झटक्यात जागेवर येतो. ज्याच्या फोकसवर ‘कच्चा’ असा शिक्का बसलेला असतो, ते मूल कितीदा तरी फक्त कंटाळलेलं असतं.

आता तिच्यासाठी पहिलं काम. शाळेतला मायनस ०.७५ हा थेंब न घालता काढलेला नंबर आहे. त्यावर चष्मा करू नका आणि रडूही नका. लहान मुलांची फोकसची ताकद इतकी असते की मशीनमध्ये डोकावताना ती आपोआप वापरली जाते आणि नसलेला मायनस दिसतो. डोळ्यात थेंब घालून तो स्नायू सैल केला की खरा नंबर कळतो.

कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका शिबिरात एका दिवसात दोनशेच्या वर मुलं तपासायची होती. तिथे मी नऊ वर्षांच्या एका मुलाला थेंबांशिवाय मायनस १.२५ लिहून दिला. तीन महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली, अभ्यासाला बसला की डोकं दुखतं म्हणून. थेंब घालून पाहिलं तर प्लस ०.२५. मुलगा तीन महिने नको असलेला मायनस घालून, त्याची भरपाई करायला फोकस ताणत वाचत होता. चूक माझी होती आणि ती मी त्या माउलीला सांगितली. त्या दिवसापासून शाळकरी मुलाच्या पहिल्या नंबराचा कागद मी थेंबांशिवाय लिहीत नाही.

तर बालनेत्रतज्ज्ञांकडे किंवा जिथे मुलांची थेंब घालून तपासणी होते तिथे जा. शक्यतो शनिवारी. थेंबानुसार एक ते तीन दिवस जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. बाहेर पडताना टोपी असू द्या आणि शाळेच्या बाईंना चिठ्ठी द्या. मलम दिलं तर परिणाम दहा-बारा दिवसही टिकतो, म्हणून परीक्षा बघून वेळ ठरवा. जमल्यास त्याच वेळी डोळ्याची लांबी मोजून घ्या. त्यात डोळ्याला काही लागत नाही, मिनिटाभराचं काम आहे. पुढच्या वर्षी तुलना करायला तो आकडा फार कामाला येतो.

थेंबांनंतर काय निघेल त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. या वयाच्या मुलाला थोडा प्लस, म्हणजे मायनसच्या उलटा नंबर, असायला हवा. डोळा अजून वाढायचाय, ती वाढ पचवायला ही गंगाजळी असते. पहिलीच्या सुमाराला हा प्लस ०.७५ पेक्षा कमी असेल तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त, हे बऱ्याच मुलांना वर्षानुवर्षं तपासून दिसलं आहे, आणि आई-वडिलांच्या नंबरापेक्षाही हा आकडा पुढचं जास्त खरं सांगतो. म्हणून मी पालकांना म्हणते, तुमच्या चष्म्याकडे बघून तिचं भविष्य काढू नका, तिच्या प्लसकडे बघा. तिचा प्लस १ निघाला तर दोघांना मायनस असूनही मी निवांत असेन आणि वर्षाने बोलवीन. शून्य किंवा प्लस ०.२५ निघाला तर चष्मा नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासणी आणि घरातल्या सवयी आजपासून बदलायच्या. आणि मायनस ०.७५ थेंबांनंतरही तसाच राहिला तर तो खरा आहे. ७ व्या वर्षी लागलेला नंबर वाढायला पुढे बरीच वर्षं मिळतात, म्हणून त्याला हलकं घ्यायचं नाही.

थोडक्यात, इथवर असं: तुमच्याकडून आला असेल तर लांबीचा कल, कमजोर फोकस नव्हे. आणि तो कल तिच्यात कितपत आहे ते थेंबांनंतरचा आकडा सांगेल.

चष्म्याबद्दल. नंबर खरा असेल तर पूर्ण नंबराचा चष्मा द्या. ‘थोडा कमी नंबर दिला की डोळा आळशी होत नाही’ हा सल्ला पुण्यात अजूनही सर्रास मिळतो. मलेशियात २००२ साली ९४ मुलांवर नेमकं हेच तपासलं. ज्यांना मुद्दाम कमी नंबर दिला त्यांचा नंबर दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. नंबर चढतो तो डोळा वाढतो म्हणून. चष्मा लावल्यानंतरच्या वर्षांत चढतो म्हणून चष्म्याला दोष मिळतो. घरातल्या मोठ्यांना हे समजावताना एवढंच सांगा, पोरगी उंच होते म्हणून मोठा फ्रॉक घेतो, फ्रॉक मोठा घेतला म्हणून ती उंच होत नाही.

घरात काय करायचं यात सगळ्यात मोठी गोष्ट एकच, आणि ती फुकट आहे. दिवसाउजेडी बाहेर. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना मायनस लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ चा हा अभ्यास आहे. दिल्लीच्या शाळांमध्येही आठवड्याला १४ तासांपेक्षा जास्त बाहेर खेळणाऱ्या मुलांत मायनस कमी दिसला. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, दोन्ही पालकांना मायनस असलेल्या मुलांनाही बाहेर खेळण्याचा फायदा झालेला दिसतो. आनुवंशिकतेवर आपला हात चालत नाही, यावर चालतो.

कारण बहुधा उजेड. घरात ट्यूब लावून दोनशे-तीनशे लक्स (उजेडाचं माप) असतात. झाडाच्या सावलीत काही हजार, भर उन्हात लाखाच्या घरात. त्या उजेडात पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते वाढीला लगाम घालतं, असं प्रयोगांतून दिसतं. म्हणजे ऊन अंगावर घ्यायलाच हवं असं नाही, सावलीही चालते. टोपी घाला, पाणी न्या. पण बॅडमिंटन हॉलमधला तास या हिशेबात धरू नका. तो अंगाला चांगला, डोळ्याच्या हिशेबात घरातच मोडतो.

पुण्यात राहून हे अवघड नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. शाळेची बस साडेतीनला सोडते, चारला क्लास, सहाला अंधार, हे मला माहीत आहे. पार्किंगमध्ये खेळणारी मुलं मी रोज बघते. पण सकाळची शाळा असेल तर बसची वाट गेटाबाहेर बघा, लॉबीत नको. दुपारचं खाणं गच्चीवर किंवा बाल्कनीतही होतं. रविवारी तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, जे जवळ असेल ते. टेकडीवर दोन तास कधी जातात कळत नाही, आणि नजर आपोआप लांब जाते. पावसाळ्यात ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरापेक्षा कितीतरी जास्त असतो, रेनकोट घालून पाठवा. एक मात्र आहे: ज्यांना नंबर लागून गेला त्यांच्यात बाहेर जाण्याचा उपयोग नंबर लागण्याआधी होतो तितका ठळक नाही. म्हणून ‘नंबर लागला की बघू’ असं करू नका.

पुस्तक नाकाशी धरण्याबद्दल. कोपरापासून मुठीपर्यंत हे तिचं स्वतःचं माप. हनुवटीखाली मूठ टेकवायची, कोपर पानावर, तेवढं अंतर. झोपून वाचताना आणि पलंगावर लोळत मोबाईल बघताना हे अंतर निम्मं होतं. पण सारखं ‘लांब धर, लांब धर’ म्हणत राहू नका, मूल वाचणंच सोडतं. तिला वाचू द्या. टेबलाची उंची बघा, उजेड बघा, अर्ध्या तासाने उठवून खिडकीपाशी न्या. आणि हे सगळं करूनही ती नाकाशीच धरत असेल, एकच डोळा वापरत असेल किंवा मान वाकडी करत असेल, तर तपासणीत हे आवर्जून सांगा.

व्यायामांना मी सरसकट नाही म्हणत नाही. काही मुलांचा फोकस खरंच अडखळतो. दहा मिनिटं वाचलं की अक्षरं पुसट होतात, फळ्यावरून वहीत बघताना वेळ लागतो. काहींचे दोन डोळे जवळ वळत नाहीत आणि शब्द दोन दिसतात. अशा मुलांना नीट शिकवलेल्या व्यायामांचा उपयोग होतो, मी ते करून घेते आणि मुलं आनंदाने वाचायला लागतात. पण त्यांनी वाचन सुसह्य होतं. मायनस उतरत नाही, थांबतही नाही. ज्या ठिकाणी ‘चष्मा घालवून देतो’ असं सांगतात तिथून तिला परत आणा.

नंबर खरा निघाला आणि वेगाने वाढू लागला, तर कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिनचे थेंब आहेत, आणि काचेच्या कडेच्या भागात सूक्ष्म भिंगं असलेले खास चष्मे आहेत. हाँगकाँगमध्ये अशा एका चष्म्याने दोन वर्षांत नंबराची वाढ जवळपास निम्म्यावर आली होती. चष्मे महाग पडतात, थेंब रोज रात्री घालावे लागतात, आणि कुणाला काय द्यायचं हे वय, वाढीचा वेग आणि घरची परिस्थिती बघून बालनेत्रतज्ज्ञ ठरवतात. आज, शाळेतल्या एका आकड्यावर, तिथे जायची गरज नाही.

धाकटा ३ वर्षांचा आहे असं लिहिलंय. त्याला काही दिसत नाहीये असं वाटत नसलं तरी बहिणीबरोबर त्याचीही एकदा थेंब घालून तपासणी करून घ्या. या वयात मायनसपेक्षा तिरळेपणा, दोन डोळ्यांतला फरक आणि जास्तीचा प्लस शोधायचा असतो, आणि ते लवकर सापडलेलं बरं. जाताना तुमच्या दोघांचे जुने चष्मे किंवा नंबराचे कागद पिशवीत टाका, आणि पहिला चष्मा कितव्या वर्षी लागला ते आठवून ठेवा. आठव्या वर्षी लागला की कॉलेजात, हे तपासणाऱ्याला तुमच्या आजच्या नंबराइतकंच सांगून जातं.